कापसाची आगगाडी कागदावर

बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर मुंबई–नागपूर लोहमार्गाला जलंब येथे एक लहानसा फाटा फुटलेला दिसतो. तो खामगावला पोहोचतो आणि तेथेच संपतो. त्याची लांबी आठ मैल, म्हणजे जेमतेम १३ किलोमीटर. १८७० साली या फाट्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा मार्गाचे एवढे महत्त्व कशासाठी? कारण होते कापूस.

रेल्वेपूर्वी वऱ्हाडातील कापूस लदणीच्या बैलांवरून जात असे. १८२५–२६ मध्ये पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्याने वऱ्हाडातून थेट मुंबईस कापूस धाडला, तेव्हा १,२०,००० पौंडांसाठी ५०० बैल लागले. म्हणजे दर बैलामागे २४० पौंड, सुमारे १०९ किलो. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि तीनच वर्षांत खामगावची बाजारपेठ तिला जोडली गेली.

हा इतिहास वर्गात सांगताना रेल्वेच्या वाहनांच्या कागदी प्रतिकृती करून घेतल्या, तर तारखांच्या पलीकडचे बरेच काही विद्यार्थ्यांच्या हाती लागते. १:५० हे प्रमाण सोयीचे आहे. प्रत्यक्षातील एक मीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर. मालडब्यासाठी इष्टिकाचितीची घडण जाड कागदावर काढावी, डिंक लावण्यासाठी कडेला ५ मिलिमीटरची पट्टी राखावी आणि घड्या घालण्यापूर्वी घडीच्या रेषांवरून बोथट टोक फिरवावे. इंजिनाचा बाष्पक म्हणजे नळकांडे. तो एक मीटर व्यासाचा धरला तर प्रतिकृतीत व्यास २० मिलिमीटर होईल आणि त्यासाठी सुमारे ६३ मिलिमीटर रुंदीचा कागद गुंडाळावा लागेल. येथे π आपोआप कामाला येतो.

मात्र सुरुवात रुळांपासून करावी. खामगावचा फाटा ब्रॉडगेज, म्हणजे रुळांमधील अंतर साडेपाच फूट किंवा १६७६ मिलिमीटर. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर या दोन दिशांना जाणारी ‘शकुंतला’ मात्र नॅरोगेज होती. तिचे अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. हा मार्गही कापसासाठीच होता आणि तो किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखालील कंपनीने बांधला. त्यावर १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते.

आपल्या प्रमाणात ही दोन अंतरे ३३.५ आणि १५ मिलिमीटर येतात. आता एकच कागदी पेटी घ्यावी आणि तिला आळीपाळीने दोन्ही मापांची चाके बसवावीत. आत एक नाणे चिकटवून गुरुत्वमध्य रुळांपासून साधारण २४ मिलिमीटर उंचीवर आणावा. पेटी पाटीवर आडवी ठेवून, खालच्या चाकांना अडसर लावून पाटी हळूहळू उचलावी. रुंद चाकांची पेटी सुमारे ३५ अंशांपर्यंत तग धरते, अरुंद चाकांची १८ अंशांच्या आसपासच कलंडते. कलंडण्याचा कोन हा रुळांमधील अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरतो. गुणोत्तर लहान-मोठ्या प्रमाणाने बदलत नाही, म्हणून कागदावरचा हा कोन खऱ्या गाडीलाही लागू पडतो. वजनाचे तसे नाही. ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते. २० टनांचा डबा त्याच धातूत १:५० प्रमाणाने केला, तर त्याचे वजन केवळ १६० ग्रॅम भरेल. प्रतिकृतीतील कोणत्या गोष्टीवर विश्वास ठेवावा आणि कोणत्या नाही, हा विचार विद्यार्थ्यांनी येथे करावा.

अर्थात, प्रत्यक्षात नॅरोगेजचे डबे लहान आणि ठेंगणे करून ही अडचण कमी करत. पण त्यामुळे मालही कमी मावे आणि वेगही बेताचाच राही. मग असा मार्ग बांधलाच का? कारण तो स्वस्त पडे. त्याची किंमत मूर्तिजापूरला मोजावी लागे. तेथे रुईच्या गाठी लहान डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत चढवाव्या लागत. खामगावात भरलेला डबा मात्र न उघडता मुंबईपर्यंत जाऊ शके. दोन्ही प्रतिकृती शेजारी ठेवून कागदाचीच गाठ एकीतून दुसरीत हलवली की हा फरक मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

शकुंतलेच्या गाड्या आता बंद आहेत. वऱ्हाडातील शाळांना नॅरोगेजची मापे प्रत्यक्ष घ्यायची असतील तर नागपूरला २००२ साली सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. सहलीला जाताना मोजपट्टी आणि आलेखाची वही बरोबर असावी. छायाचित्रात रूप राहते, माप राहत नाही, आणि मापावाचून प्रतिकृती होत नाही.

शेवटी, याच १:५० प्रमाणाने जलंब–खामगाव हा मार्ग मांडायचा ठरवला तर तो २६० मीटर लांब होईल, शाळेच्या आवाराबाहेर जाईल. त्याच्या टोकाशी उभे राहून एक प्रश्न जरूर विचारावा. कापसाच्या बाजारपेठेला १८७० मध्ये रेल्वे मिळाली, तर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाणा शहरात आजही रेल्वे का नाही? उत्तर शोधताना मुलांना नकाशा, घाटाची चढण, बाजारभाव आणि राज्यकर्त्यांचे हेतू हे सारे एकत्र वाचावे लागेल.