अतिसंवाहकांचे चुंबकीय चित्रण

अतिसंवाहकाच्या पृष्ठभागावरचे क्षीण चुंबकीय क्षेत्र अतिनीच तापमानात बिंदूगणिक मोजून त्याचा नकाशा काढण्याची पद्धत. तिचे मुख्य साधन म्हणजे स्क्विड, अर्थात जोसेफसन जोड (दोन अतिसंवाहकांमधला क्षीण दुवा) बसवलेले अतिसंवाहक कडे. हे कडे नमुन्यावरून, त्याला जवळजवळ खेटून, फिरवले जाते.

अतिसंवाहक कड्यात अडकणारा चुंबकीय फ्लक्स ठरावीक पुंजांतच येतो, हे १९६१मध्ये सिद्ध झाले होते. १० मायक्रोमीटर बाजूच्या चौकोनात असा एक पुंज पसरला, तर तिथले क्षेत्र भरते जेमतेम २० मायक्रोटेस्ला. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्रही याहून अधिक असल्याने प्रयोगाला कडेकोट चुंबकीय आडोसा लागतो.

या पद्धतीचे सर्वांत देखणे यश १९९४चे. अमेरिकेत आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स येथील प्रयोगशाळेत चँग त्सुई, जॉन कर्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची चार कडी घडवली. त्याखालचा आधार तीन स्फटिक वेगवेगळ्या कोनांत जोडून केलेला होता. तिन्ही स्फटिक जिथे भेटतात त्या बिंदूभोवती एक कडे होते. उरलेली तीन पडताळ्यासाठी. कूपर जोड्यांच्या, म्हणजे अतिसंवाहकात प्रवाह वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या, तरंगफलनाचे चिन्ह दिशेनुसार धन-ऋण बदलत असेल, तर मधल्या कड्याला एक फेरी मारताना चिन्हांचा हिशेब जुळत नाही, आणि तो जुळवण्यासाठी कड्यात आपोआप प्रवाह सुरू व्हायला हवा. द्रवरूप हीलियमच्या ४.२ केल्विन तापमानात, बाह्य क्षेत्र शून्याजवळ आणल्यावर, नेमके त्याच कड्यात फ्लक्सचा अर्धा पुंज दिसला. पडताळ्याच्या कड्यांत काहीच नव्हते. ताम्रयुक्त अतिसंवाहकांतील जोड्या अशा चिन्ह बदलणाऱ्या ‘डी-तरंग’ स्वरूपाच्या आहेत की नाहीत, हा वर्षानुवर्षांचा वाद या चित्राने जवळपास मिटवला.

काही न दिसणेही तितकेच बोलके ठरते. स्ट्रॉन्शियम रुथेनेट सुमारे १.५ केल्विनखाली अतिसंवाहक बनते. एका प्रबळ मतानुसार त्याच्या कडांवर स्वयंभू प्रवाह वाहायला हवेत. कर्टली, स्टॅनफर्डच्या कॅथरिन मोलर आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये या प्रवाहांच्या क्षेत्राचा शोध घेतला. अपेक्षित तीव्रतेचे क्षेत्र कुठेही आढळले नाही. या नकाराचे वजन पुढे वाढतच गेले. २०१९मध्ये अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या मोजमापांनीही त्या मताचा पाया डळमळीत केला.

दरम्यान संवेदक लहान होत गेले. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत काचनळीच्या टोकावर घडवलेल्या स्क्विडचा व्यास २०१३मध्ये ५० नॅनोमीटरच्याही खाली आला. स्ट्रॉन्शियम रुथेनेटमधील जोड्यांच्या सममितीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.