रेक्टर कोण घडवणार?

वसतिगृहांचा आपला इतिहास संस्थापकांच्या नावांवरच थांबतो. १९०८ साली कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. ही घरे चालवणाऱ्यांना प्रशिक्षण कोणी दिले? चळवळीने. मूल कोणत्या वस्तीतून आले, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

पुढे वसतिगृहे सरकारची आणि विद्यापीठांची झाली. चळवळ बाहेर राहिली, पद तेवढे आत आले. मी ज्या रेक्टरांच्या हाताखाली राहिलो, ते प्राध्यापक होते. वसतिगृह हा त्यांचा जादा कार्यभार. शिकवण्यासाठी पदवी लागते, पण घर सोडून आलेल्या शेकडो मुलांना सांभाळण्यासाठी हजेरीवही पुरते, असे आपल्या व्यवस्थेने मानले.

याचे फळ काय? २००७ साली थोरात समितीने दिल्लीच्या एम्सविषयी अहवाल दिला. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना छळामुळे वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकत्र राहावे लागते, असे त्यात नोंदले आहे. देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेत मजल्यांची गावकुसे उभी राहिली! २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने वॉर्डनकडे शिस्तीबरोबर समुपदेशनाचेही कौशल्य हवे, असे म्हटले. पण जात ओळखता न येणारा समुपदेशक सोसणाऱ्यालाच जुळवून घ्यायला सांगेल. म्हणून रेक्टरच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा जातीचा असला पाहिजे. ही मागणी आता विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी.