पात्र कोण? शिधापत्रिकेच्या रंगाचा इतिहास

योजनेतून मोफत ऑपरेशन झालं की वस्तीत म्हटलं जातं, ‘सरकारनं दिलं’. हे ‘दिलं’ आम्हाला खटकतं. उपचार हा हक्क आहे की उपकार, हे योजनेच्या नावावरून कळत नाही. फुल्यांचं नाव दिलं म्हणून योजना फुले विचारांची होत नाही. ते कळतं पात्रतेच्या अटींवरून. म्हणून त्या अटींचा इतिहास पाहू.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1943 मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवलं गेलं. 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्या पायावर 1948 चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. 1954 मध्ये ही योजना नागपुरात सुरू झाली. एम्प्रेस आणि मॉडेल मिलमध्ये आपल्या समाजाची असंख्य माणसं खपत होती. पगाराची मर्यादा होती, पण कामगाराला ‘मी दरिद्री आहे’ असा दाखला आणावा लागत नव्हता. त्याची वर्गणी कापली जाई, मालकही भरत असे. त्याची पात्रता त्याच्या श्रमात होती.

1946 मध्ये भोर समितीनं तर त्याही पुढचं तत्त्व मांडलं : पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये.

मग गिरण्या बंद पडल्या. 2002 मध्ये एम्प्रेस मिलही गेली. नोकरीबरोबर विम्याचं कवच गेलं. गिरणी कामगारांची पुढची पिढी बांधकामावर, रिक्षावर, धुणीभांड्यांवर आली. तिच्यासाठी उरली शिधापत्रिका.

1 मे 1999 पासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका आली. वर्षाला 15 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरी. ही वाटणी धान्यासाठी होती. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर गेली. दीड लाखापर्यंतचे उपचार, पण फक्त पिवळ्या-केशरी कार्डावर. म्हणजे 1999 चा एक लाख 2013 मध्येही तसाच! महिन्याचा हिशेब केला तर 8,333 रुपये. त्याहून चार पैसे जास्त कमावणारा वॉचमन सरकारच्या लेखी गरीब नव्हता. हृदयाचं ऑपरेशन त्याला परवडतं का, हे कुणी विचारलं नाही. खरं उत्पन्न सांगावं तर उपचार जातो, उपचार हवा तर खोटं सांगावं लागतं. आणि मग हेच लोक म्हणतात, गरीब लबाड असतात!

पुढे मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना योजनेत घेतलं. त्याला आमचा विरोध नाही. पण सातबाऱ्यानं दार उघडलं, तेव्हा त्याच गावातल्या पांढऱ्या कार्डाच्या भूमिहीन मजुराचं काय? जमीन कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, याला या देशात जात असते.

2018 मध्ये आयुष्मान भारत आली. तिची यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणाची. त्या मोजणीत ज्याची झोपडी सुटली, तो यादीतूनही सुटला.

आता 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांचं संरक्षण आहे. रंगाची अट गेली, हे चांगलंच झालं. पण पात्रतेचा प्रश्न मिटला नाही, त्यानं जागा बदलली. कार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतोच. नाल्याकाठी भाड्यानं राहणाऱ्यानं तो आणायचा कुठून? उपचार यादीत हवा, रुग्णालय योजनेत हवं, रुग्ण भरती हवा. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्यासाठी मेडिकल आणि मेयोच्या रांगेतच उभं राहावं लागतं. विम्याचा पैसा खासगी रुग्णालयांकडे जात असताना ही सरकारी रुग्णालयं भक्कम झाली नाहीत, तर गरिबाच्या हाती फक्त कार्ड उरेल.

म्हणून मित्रांनो, दोन कामं बरोबरच करायची आहेत. वस्तीवस्तीत कागदपत्रांची शिबिरं घ्यायची, कारण रुग्ण उद्यापर्यंत थांबू शकत नाही. आणि कागद न मागता उपचार, बाह्यरुग्ण विभागात पूर्ण औषधं, ही मागणी रेटायची. राज्यघटनेच्या कलम 47 नं सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य ठरवलं आहे. कर्तव्य राज्याचं असताना पात्रता रुग्णानं का सिद्ध करायची?

जय भीम!