हवेच्या वळणाचा हिशेब

वैनगंगेत डोंगा लोटला की त्याच्या टोकापासून पाण्यावर दोन रेघा फाकतात. टोक निमुळते असेल तर रेघा टोकालाच लागून निघतात. बोथट असेल तर पाणी पुढेच फुगते. ध्वनीहून अधिक वेगाने जाणाऱ्या वस्तूपुढे हवेचेही असेच होते. पाचर आडवी आली की हवेला वाट सोडून जितके अंश वळावे लागते, तो विचलनकोन. आणि तिथे उठणारी रेघ म्हणजे आघाततरंग. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरला प्रणोदके तयार होतात. तेव्हा रेटा कुठून येतो हे इथे सांगायला नको. त्या रेट्यापुढे हवा काय करते, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

पहिला हिशेब न्यूटनचा, १६८७ सालचा. हवेचे कण गोट्यांसारखे आपटून पृष्ठालगत घसरतात असे त्याने धरले. म्हणून दाब कोनाच्या ज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. पुढील शतकात फ्रेंच पंडितांनी नौकांचे नमुने पाण्यातून ओढून पाहिले, तो लहान कोनांना नियम साफ खोटा ठरला व अडगळीत गेला. विसाव्या शतकात ध्वनीच्या पाच-सहापट वेगाची गोष्ट निघाली, तेव्हा तो पुन्हा बाहेर काढावा लागला. कारण त्या वेगात तरंग पृष्ठाला इतका खेटतो की हवा खरोखरच गोट्यांसारखी वागते.

तिरप्या तरंगाचे खरे गणित मात्र थिओडोर मेयरने १९०८ साली ग्योटिंगेन येथे प्रांटलच्या हाताखाली मांडले. नंतर तो शाळेत गणित शिकवीत राहिला. हवेच्या प्रसरणाच्या सूत्राला त्याचे नाव गुरूच्या मागे जोडलेले आहे. या दुसऱ्या हिशेबाला ते सहसा कोणी लावीत नाही. काम रोजचे आणि हजेरीपटावर नाव नाही, हा प्रकार आम्ही कामगार चळवळीत पुष्कळ पाहिला. विद्यापीठातही तो चालतो, याचे वाईट वाटते.

त्या गणिताप्रमाणे ध्वनीच्या दुप्पट वेगाला पाचर हवेला सुमारे २३ अंश वळवू शकते, सहापटीला सुमारे ४२. आणि वेग कितीही वाढवा, साडेपंचेचाळीसच्या फारसे पुढे नाही. त्याहून तीव्र उतार दिला की तरंग टोक सोडून पुढे उभा राहतो.

७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने ध्वनीच्या सहापट वेगाचे यान उडविले. त्याचे इंजिन वीस सेकंदांहून अधिक काळ चालले. त्यात हवा दाबायला फिरती पाती नसतात; तोंडाशी असलेले उतारच तिला टप्प्याटप्प्याने वळवून दाबतात. वळण बेताबाहेर गेले तर तरंग तोंडाबाहेर ढकलला जातो, हवा बाजूने सांडते आणि आतली ज्योत विझू शकते.