विद्युत दुचाकीचा बॅटरी पॅक : चाचणी आणि पुनर्बांधणी

विद्युत दुचाकीचा थकलेला लिथियम-आयन पॅक उघडून त्यातील सेल तपासणे, निकामी सेल बाजूला काढणे आणि एकसारख्या सेलांचा पॅक पुन्हा जुळवणे अशी ही प्रक्रिया आहे. पॅकमध्ये काही सेल समांतर जोडून गट करतात आणि ते गट एकसर जोडतात. प्रत्येक गटाच्या व्होल्टेजवर बीएमएस हे नियंत्रक मंडल लक्ष ठेवते. सर्रास आढळणारा १८६५० सेल १८ मिमी व्यासाचा आणि ६५ मिमी लांबीचा असतो. निकेल-मँगॅनीज-कोबाल्ट (एनएमसी) सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, तर लोह-फॉस्फेट (एलएफपी) सेल ३.६५ व्होल्टला. त्यामुळे ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये एनएमसीचे बहुधा १३ गट आणि एलएफपीचे १५ किंवा १६ गट असतात. एका प्रकारच्या पॅकचा चार्जर दुसऱ्याला लावता येत नाही.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांमुळे कोल्हापूर ओतकाम, यंत्रभाग आणि ऑइल इंजिनांसाठी ओळखले जाते. झिजलेला भाग बदलायचा, सिलिंडरला बोअरिंग करायचे आणि इंजिन पुन्हा कामाला लावायचे, ही इंजिनदुरुस्तीची रूढ रीत. हाच न्याय बॅटरीला लावून ‘मेलेले सेल तेवढे बदला’ असे म्हणणे साहजिक आहे, पण ते फसवे आहे. एकसर जोडणीत सर्व गटांतून सारखाच प्रवाह वाहतो आणि सर्वांत दुबळा गट रिकामा होताच बीएमएस सगळा पॅक बंद करते. २.५ अँपिअर-तासाचे पाच-पाच सेल असलेले १३ गट घेतले, तर नवा पॅक १२.५ अँपिअर-तासाचा, म्हणजे सुमारे ६०० वॉट-तासांचा होतो. त्यातील १२ गट ९ अँपिअर-तासांवर आणि एक ६ वर उतरला, तर पॅककडून ६ च मिळतात. तो एक गट नवा बसवला तरी पॅक ९ च्या पुढे जात नाही. नव्या गटाची जादा क्षमता वाया जाते आणि पुढचा दुबळा गट लवकरच आडवा येतो. म्हणून पुनर्बांधणीत जोडणीपेक्षा मोजणी निर्णायक ठरते.

मोजणीलाही क्रम आहे. पल्ला घटला म्हणजे सेल गेले असे नाही. चार्जर, फ्यूज, कनेक्टर, बीएमएस आणि सैल पडलेली निकेलची पट्टी आधी तपासावी. मग पूर्ण भरलेल्या पॅकच्या प्रत्येक गटाचे व्होल्टेज घ्यावे. गटांत केवळ चार्जची तफावत असेल, तर समतोल साधून पॅक सुधारतो. मात्र साध्या बीएमएसचा समतोल-प्रवाह अगदी कमी असतो. ५० मिलिअँपिअरने १ अँपिअर-तासाची तफावत मिटायला २० तास लागतात. क्षमताच घटली असेल, तर ती ठरावीक प्रवाहाने सेल रिकामा करूनच कळते. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखालील सेल वाहनासाठी थकलेला मानण्याची रूढी आहे. क्षमतेच्या जोडीला अंतर्गत रोध मोजावा, तसेच भरलेला सेल एक-दोन आठवडे ठेवून त्याचे व्होल्टेज किती उतरते ते पाहावे. फार खोल रिकामा झालेला सेल पुन्हा चार्ज झाला तरी घेऊ नये. त्यातील तांबे विरघळून पुढे आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. सगळे सेल बदलायचे, तर दुरुस्तीत बचत ती काय? बचत पेटी, वायरिंग आणि बीएमएस चांगले असतील तर त्यांच्यात आहे. शिवाय चाचणीनंतर पॅक उघडण्याची गरजच नाही, असेही निष्पन्न होऊ शकते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात अनेक विद्युत स्कूटरनी पेट घेतला आणि त्यानंतर एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाच्या अटी कडक झाल्या. मान्यता विशिष्ट रचनेच्या पॅकला मिळते. सेल किंवा बीएमएस बदलल्यावर तिचा आधार राहत नाही. हा आक्षेप मान्यच करावा लागतो. वॉरंटीतील किंवा गाडीच्या नियंत्रकाशी संवाद साधणारा पॅक उत्पादकाकडेच द्यावा. विद्युत सायकली आणि ताशी २५ किमीपर्यंतच्या स्कूटरचे साधे पॅक एवढेच पुनर्बांधणीचे रास्त क्षेत्र. तिथेही सेलचे रसायन, गटांची संख्या आणि तापमान-संवेदक मूळचेच ठेवावे लागतात.

मोजणीलाही मर्यादा आहे आणि ती कोल्हापुरात ठळक दिसते. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले. पाण्यात बुडालेल्या पॅकमध्ये निकेलच्या पट्ट्या आणि बीएमएस गंजत राहतात. वाळल्यावर आकडे ठीक आले तरी बिघाड नंतर उद्भवू शकतो. असा पॅक दुरुस्त करून विकण्याऐवजी पुनर्चक्रणाला द्यावा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार उत्पादकावर जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी आहे आणि नूतनीकरण करणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पुनर्बांधणी केलेल्या पॅकसोबत प्रत्येक गटाची क्षमता, अंतर्गत रोध आणि चाचणीची तारीख ग्राहकाला लेखी मिळायला हवी. ही नोंद नसेल, तर पॅक नव्याने जुळवला की फक्त पुन्हा बंद केला, हे ग्राहकाला तपासता येत नाही.