निशिझाका टेकडी, सकाळी दहा

३३ दिवस आधी. ३ जानेवारी १५९७, क्योतो.
तोसाच्या किनाऱ्यावर ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत रुतलं, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. त्यावरचा माल जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने जप्त केला होता, आणि मिशनरी म्हणजे स्पेनच्या फौजेचे अग्रदूत, हा संशय त्याच्या मनात पक्का बसला होता. त्याचा हुकूम होता कैद्यांची नाकं-कान कापण्याचा. त्याचा अधिकारी इशिदा मित्सुनारी याने तो डाव्या कानाच्या तुकड्यावर निभावला. कैदी चोवीस: सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकी त्यांचे जपानी सोबती. त्यांत कुणी स्वयंपाकी, कुणी धनुष्यं बनवणारा, कुणी दवाखाना सांभाळणारा. दुभाष्याचं काम करणारे ब्रदर गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. आणि लुई इबाराकी, वय १२, दोन काकांसह.

१७ दिवस आधी. मिहारा.
वधासाठी भर हिवाळ्यात नागासाकीकडे चाल. चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आईला पत्र लिहितो: आम्ही पुढे जातोय, धाकट्या भावांना सांभाळ. पत्र तिला वेळेत पोचत नाही. पुढे ते त्याच्या वडिलांच्या कपड्यांत सापडतं, रक्ताने माखलेलं. वडीलही त्याच रांगेत होते.

४ दिवस आधी. हिझेन प्रांत.
वाटेत आणखी दोघांना धरलंय, आता सव्वीस. देखरेख तेरासावा हाझाबुरोकडे आली आहे. हा माणूस क्रूर वाटत नाही, आणि तेच जास्त छळतं. इतक्या लहान पोराला मारायचं त्याच्या जिवावर येतं. धर्म सोड, माझ्याकडे चाकरीला राहा, असं तो लुईला सांगतो. ख्रिस्ती म्हणून जगता येणार नसेल तर नको, असं मुलगा म्हणतो. बारा वर्षांच्या मुलाच्या ‘नको’ला किती मोठ्यांचा हातभार असतो, हा प्रश्न भक्तिग्रंथ विचारत नाहीत. तो विचारावा असं मला वाटतं. पण दार खरोखर उघडं होतं आणि ते त्याला दिसत होतं, हेही नाकारता येत नाही.

साधारण २० तास आधी. ४ फेब्रुवारी, सोनोगी.
हात बांधून कैद्यांना होड्यांत बसवलं जातं. ओमुराचा उपसागर.

११ तास आधी. तोगित्सु.
किनारा लागतो, पण उतरवत नाहीत. नागासाकीतल्या ख्रिस्ती जमावाची धास्ती आहे. रात्र होडीतच, थंडीत. पवित्र चित्रांमधला लुई नेहमी हसरा. ही थंडी कुणी रंगवत नाही.

काही तास आधी. ५ फेब्रुवारी, पहाट.
बारा-एक किलोमीटरची शेवटची चाल. वाटेत जेझुइट फादर पासिओ भेटतात, पापनिवेदनापुरता वेळ मिळतो.

साडेनऊच्या सुमारास.
निशिझाका. नेहमीची वधभूमी टाळून पोर्तुगीजांच्या विनंतीवरून निवडलेली जागा, गव्हाचं शेत. क्रूस आडवे पडलेत. खिळे नाहीत, मान आणि हातपाय लोखंडी कड्यांत अडकवायचे. माझा कोणता, असं लुई विचारतो आणि त्याकडे धावतो. बंदी असूनही हजारो लोक जमलेत. तीन जेझुइटांपैकी पॉल मिकी क्रूसावरून प्रवचन देतो. कैद्यांतल्या तेरा वर्षांच्या अंतोनिओचे आईवडील समोरच उभे आहेत. तो आणि लुई लातिन स्तोत्र गाऊ लागतात.

दहाच्या सुमारास.
भालेकरी जोडीने फिरतात. दोन्ही बाजूंनी, खालून वर. सगळं लवकर आटोपतं. प्रेतं मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहतात.

३० वर्षांनी, १६२७ मध्ये, धन्य घोषणा. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संत घोषित केलं. टेकडीवरच्या १९६२ च्या स्मारकात शिल्पकार फुनाकोशी यांनी घडवलेल्या सव्वीस कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. वसईत गार्सियांच्या नावाचं महाविद्यालय आहे. संतपदाच्या त्या दिवशी जपानात ख्रिस्ती असणं मात्र अजून गुन्हाच होता. बंदीचे फलक उतरायला १८७३ साल उजाडलं.