पिंपरीचे औषध आणि डाळिंबाची बाग

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला आसपासचे लोक नुसते 'एच. ए.' म्हणतात. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हा कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले. क्षय झाला म्हणजे माणूस गेलाच, असे ज्या काळी समजत, त्या काळी या औषधाचे मोल काय होते ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे.

हे औषध मुळात मातीतलेच. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने जमिनीतील एका सूक्ष्मजीवापासून ते मिळवले. (१९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले!)

पण ते दवाखान्यापुरते राहिले नाही. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन व एक भाग टेट्रासायक्लिन अशी 'स्ट्रेप्टोसायक्लिन' नावाची भुकटी पिंपरीच्या याच कारखान्याने शेतीसाठी बाजारात आणली. लिंबावरील खैऱ्यासारख्या रोगांवर ती वापरात आली. या शतकाच्या पहिल्या दशकात सोलापूर-नाशिककडील डाळिंबावर तेल्या पसरला. फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकते आणि वर्षाची कमाई जाते. कर्ज काढून बाग लावलेल्या शेतकऱ्याने पुडीमागून पुडी फवारली, तर त्याला एकट्याला दोषी कसे धरावे?

तथापि निसर्गाचा हिशेब निराळा असतो. वारंवार फवारणी झाली की दुबळे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. प्रतिकाराचा हा गुण एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. कॅलिफोर्नियातील नासपतीच्या बागांत १९७१ सालीच असे जंतू आढळले होते. क्षयाचा जंतू स्वतःतील बदलाने प्रतिकारक्षम होतो, म्हणून त्याचे खापर बागेवर फोडू नये. धोका आहे तो माणसाला ग्रासणाऱ्या इतर जंतूंचा. ते मातीत, पाण्यात एकमेकांजवळ येतात, आणि दोन्हीकडे औषध एकच! डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने मसुदा आदेश काढून ही औषधे शेतीतून टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला, तो याच कारणाने.

मग बागाईतदाराने काय करावे? उपाय जुनेच आहेत, परंतु कष्टाचे. रोपे निरोगी बागेतूनच आणावीत, दोन झाडांत हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे. रोगट फांद्या छाटून आणि पडलेली फळे-पाने वेचून जाळावीत. छाटणीची कात्री दर झाडागणिक निर्जंतुक करावी, कारण रोग हातानेच पसरतो. भर पावसात फळे येणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरला, तर तेल्याला अनुकूल अशा दमट दिवसांत झाडावर फळच नसते. एका बहारानंतर बागेला विश्रांतीही द्यावी. शेणखत, कंपोस्ट घालून जमिनीचा कस राखावा.

फवारणी करायचीच तर मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण आहे. फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत १८८५ च्या सुमारास ते प्रचारात आले. तेही बेताने वापरावे, कारण त्यातील तांबे जमिनीत साठत जाते आणि गांडुळांना बाधते.